तेरा दिवसांची रजा

कॅप्टनसरांच्या घरी लोणच्याच्या बरणीवर तारीख असायची. वर घातल्याची तारीख आणि खाली बारीक अक्षरात वेळ. टॉर्चच्या सेलवर, औषधाच्या बाटलीवर, छत्रीच्या दांड्याला चिकटवलेल्या पट्टीवर, नव्या चपलेच्या तळाला, जिथं म्हणून पेन टेकेल तिथं हा माणूस तारीख टाकणार म्हणजे टाकणार. कॉलेजात कुणाला 'आशियाचा नकाशा पाठवा' एवढी चिठ्ठी द्यायची असली तरी डाव्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ. शिपाई वैतागायचा. "सर, मी आत्ता तर चाल्लो, वेळ कशाला टाकता?" "तू पोचशील तवा कळंल कशाला," सर म्हणायचे. तेव्हापासून बिचाऱ्याचं मधे पानटपरीवर थांबणं बंद झालं.

जाफराबादच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे आणि मी ऑफिसात आस्थापनेचा कारकून होतो. म्हणजे सगळ्या प्राध्यापकांची सेवापुस्तकं, रजा, दाखले माझ्या कपाटात. मला सगळे भाऊसाहेब म्हणायचे, तेही. त्यांना कॅप्टन म्हणायचे ते काही थट्टेनं नव्हे. राखीव फौजेत ते खरेखुरे अधिकारी होते. या फौजेतली माणसं एरवी आपापली नोकरी करतात, वर्षातून दोन महिने कॅम्पला जाऊन वर्दी चढवतात आणि बोलावणं आलं की निघतात. दहा महिने हातात खडू, दोन महिने बंदूक. गावात त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं.

'अंदाजे' या शब्दाचं त्यांना वावडं होतं. वर्गात एखाद्या पोरानं "सर, अंदाजे पाचशे किलोमीटर" असं उत्तर दिलं की ते त्याला उभाच ठेवायचे. "अंदाजे काय? मोजलं का न्हाई मोजलं, एवढंच सांग. मोजलं नसंल तर माहीत न्हाई म्हण, त्यात काय लाज हाय?" एकदा आम्ही दोघं काळीपिवळी जीपमध्ये बसलो होतो. जालन्याला जायचं होतं. जीपवाला रफीकभाई म्हणाला, "बस साब, दस मिनट में निकलते." सरांनी घड्याळ पाहिलं. अकराव्या मिनिटाला ते खाली उतरले आणि चालायला लागले. मी म्हणालो, अहो सर, चार सवाऱ्या मिळाल्या की निघेलच तो. "मंग त्यानं तसं सांगायचं. दहा मिनिटं कशाला सांगितले?" पाऊण तासानं जीप भरली, रस्त्यात त्यांना गाठलं, आणि रफीकभाईनं हात जोडले तेव्हा कुठं स्वारी चढली. त्यानंतर सर दिसले की रफीकभाई आधीच ओरडायचा, "साब, टाइम नहीं मालूम!" सर खूश होऊन बसायचे.

निरोप घेतानाही त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "पोचल्यावर वेळ कळवा." लग्नाला आलेला पाहुणा असो की सोयगावला बदलून गेलेला शिपाई असो, सगळ्यांना तेच. सुरुवातीला मला ते भलतंच वाटलं. मी विचारलंही, पोचल्याचं कळलं की झालं ना, वेळ कशाला? तेव्हा त्यांनी सांगितलं. कॅम्पात एकदा एक जवान पाणी बघून येतो म्हणून डोंगराच्या पलीकडं गेला. किती वेळात येतो, हे कुणी विचारलं नाही. "येईल येईल म्हणत बसलो भाऊसाहेब. शोधायला कधी निघायचं तेच कुणाला ठावूक नव्हतं. निघालो तवर उशीर झाल्ता." एवढंच बोलले आणि चहा संपवला. मी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि वेळ कळवायला कधी चुकलो नाही.

चहा ते माझ्याच टेबलाशी प्यायचे, अकरा दहाला, रोज. स्टाफरूममध्ये राजकारण चालतं म्हणून ते तिकडं बसत नसत. माझ्यासारख्या कारकुनाशी प्राध्यापकानं एवढी ऊठबस ठेवावी याचं मला किती अप्रूप होतं ते काय सांगू! घरी बायकोला मी सांगायचो, कॅप्टनसर माझे मित्र आहेत. ती म्हणायची, "मित्र असंल तर जपा." आता जे सांगणार आहे ते जपण्यातूनच झालं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे.

सर कॅम्पला गेलेले असताना त्यांचे वडील वारले. त्यांचं गाव जाफराबाद तालुक्यातच, पण आडरस्त्याला. घरी थोरला भाऊ शेती बघायचा, त्याला सगळे दादा म्हणायचे. कॅम्पातून तीन दिवसांची सुट्टी घेऊन सर आले. आमच्या स्टाफची मंडळी मातीला गेली होती, त्यांनी सरांना तिथं पाहिलं. मी परीक्षेच्या कामात अडकलो होतो, मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली आणि सर तडक परत कॅम्पला गेले. तिकडं नव्या पोरांचा नदी ओलांडायचा सराव चालू होता आणि ते त्यांच्या हवाली होतं. दादा म्हणाला होता, "जा. पर लोकायला काय सांगू?" सर म्हणाले, "खरं सांग." पण हे सगळं मला फार पुढं कळलं. तेव्हा कॉलेजात कुणालाच पत्ता नव्हता.

आता आमच्या भागातली रीत अशी की सुतकातल्या माणसाला कागद मागायचा नाही. ज्याचा बाप गेला त्याला "रजेचा अर्ज द्या" म्हणणं म्हणजे माणुसकी सोडणं. मग करायचं काय? तर कारकुनानंच त्याच्या नावानं अर्ज लिहायचा, त्याच्या वळणाची सही ठोकायची आणि फाइलला लावून टाकायचा. आमच्या ऑफिसात हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. पुढं तो माणूस कामावर आला की हात जोडायचा, भाऊसाहेब, फार केलंत. मी विचार केला, माणूस फौजेच्या कामावर म्हणून दाखवलाय आणि बसलाय गावात सुतक धरून. उद्या कुणी विचारलं, एक माणूस दोन ठिकाणी कसा, तर सर अडचणीत यायचे. मला तर फार अक्कल! दुपारी जेवायच्या आधी बसलो, तेरा दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला, 'वडिलांच्या निधनामुळे मूळ गावी', खाली त्यांची सही केली, सेवापुस्तकात नोंद घेतली आणि समाधानानं डबा उघडला. बापाचं तेरावं कोण चुकवतं? असं कुणी चुकवेल हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही.

सर महिनाभरानं परत आले ते डोक्यावर नुकते केस उगवलेले. मी म्हणालो, "तेरावं नीट झालं ना सर?" "झालं. दादानं केलं सगळं." मला काय शंका येणार? दहाव्या दिवशी त्यांनी कॅम्पातल्या न्हाव्याकडून डोकं करून घेतलं होतं आणि एकटेच नदीत उभे राहिले होते, हे मला कोण सांगणार? वर्षाअखेरीला त्यांच्या पलटणीला कॉलेजचा दाखला जायचा. त्यात मी इमानेइतबारे तेरा दिवसांची रजा लिहिली आणि अर्जाची प्रत जोडली. जोडायची काही गरज नव्हती. पण काम चोख पाहिजे ना!

कॅप्टनचे मेजर व्हायची वेळ आली तेव्हा ते बाहेर निघालं. फौजेच्या हजेरीपटावर माणूस हजर, आणि त्याच्या स्वतःच्या सहीच्या अर्जात तो घरी. दोन कागद एकमेकांच्या उरावर बसले. फौजेच्या वरच्या कार्यालयानं विचारलं की खोटं कोणतं? चौकशी लागली. हजेरी ठेवणाऱ्या सुभेदाराला जबाब द्यावा लागला. शेवटी त्यांनी मेजर केलं, पण ते वर्ष धरलंच नाही, त्यामुळं बढतीची तारीख वर्षाहून जास्त पुढं गेली. सरांच्या हाताखाली शिकलेला एक अधिकारी त्यांच्या आधी मेजर झाला. पुढच्या कॅम्पात सरांनी त्याला सलाम केला. मी म्हणालो, सर, जिवाला लागलं असेल. "सलाम कपड्याला असतो भाऊसाहेब. कपडा बराबर होता." मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "पर त्या म्हाताऱ्या सुभेदारानं माझ्यापायी खोटी हजेरी मांडली, असं कागद बोलून राह्यला. ते मला गिळत न्हाई."

चौकशी नुकती लागली तेव्हा एक दिवस ते चहाला आले ते पलटणीचं पत्र घेऊनच आले होते. "माझा अर्ज हाय म्हणतेत. मी तर अर्जच दिला न्हाई. भाऊसाहेब, हा अर्ज आला कुठून?"  दुसऱ्याची सही करणं म्हणजे काय, ते कारकुनाला सांगावं लागत नाही. नोकरी जाते. दोन पोरी शिकत होत्या. मी कपाटाकडं पाहिलं, फाइल शोधल्यासारखं केलं आणि म्हणालो, "तुमच्या घरून आला असंल. दादांनी पाठवला असंल." बस. एवढंच बोललो. ज्या माणसानं जन्मात कुणाचं 'अंदाजे' ऐकून घेतलं नाही, त्यानं माझं 'असंल' त्या दिवशी ऐकून घेतलं. का, तर ते मी म्हणालो होतो.

त्यांनी दादाला विचारलं नाही. हा मात्र त्यांचा दोष होता आणि तो मी झाकणार नाही. बापाच्या तेराव्याला आपण नव्हतो, ही सल त्यांच्या मनात होतीच. दादानं चारचौघांत लाज झाकायला धाकटा घरीच आहे असा कागद करून दिला, असं त्यांनी मनाशी धरलं आणि ते दार आतून लावून घेतलं. दिवाळीला गावी जाणं बंद झालं. मला एकदाच म्हणाले, "बापाकडं मी न्हवतो, ते खरं हाय. अन् कागद म्हणतो, मी फौजेत बी न्हवतो. मंग भाऊसाहेब, त्या तेरा दिवसांत मी होतो तरी कुठं?" मी खाली मान घालून बशी पुसत होतो.

मग सुरू झाले अर्ज. तारीख दुरुस्त व्हावी म्हणून वर्षाला दोन अर्ज ठरलेले, आणि ते टाइप कोण करणार? मीच. त्यांना माझंच अक्षरजुळणीचं काम पसंत होतं. ते उभं राहून मजकूर सांगायचे, मी संगणकावर उतरवायचो. "सदर रजेचा अर्ज माझ्या अपरोक्ष माझ्या कुटुंबीयांकडून सादर करण्यात आला आहे." मी म्हणायचो, "सर, 'आला असावा' करू का?" "असावा कशाला? तुम्हीच म्हणालात ना." मी 'आला आहे' टाइप करायचो. उत्तर यायचं की तुमचाच अर्ज तुम्हाला मान्य नसेल तर तो कुणी लिहिला त्याचा लेखी खुलासा जोडा. सर म्हणायचे, "दादाकडून लिहून घेणं मला जमायचं न्हाई. मेल्या बापावरून भावाला कोर्टात उभं केल्यासारखं व्हईल." आणि पुन्हा नवा अर्ज. सहा वर्षं हे चाललं. खुलासा ज्यानं लिहून द्यायचा होता तो माणूस रोज अकरा दहाला त्यांच्यासमोर चहा पीत होता.

दादा दोनदा कॉलेजात आला होता. धोतर, टोपी, खांद्यावर ओल्या हरभऱ्याचा गठ्ठा. सर व्हरांड्यातच भेटले, "बरं हाय ना, वहिनी बऱ्या हायेत ना," एवढं बोलून तासाला गेले. दादा माझ्या टेबलाशी येऊन बसला. "भाऊसाहेब, आमचा छोटा बोलत न्हाई माझ्यासंग. तुमच्यासंग बोलतो का?" मी म्हणालो, "कामात असतेत हो ते." "तसंच असंल," दादा म्हणाला. "हे हरभरे द्या त्याला. लहानपणी लई आवडायचे." सरांनी गठ्ठ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, स्टाफला वाटून टाका. मी वाटले. पहिली मूठ मीच घेतली. त्याच वेळी माझी जीभ का झडली नाही?

दादा गेल्याचा फोन ऑफिसात आला, कारण सरांचा मोबाइल तासाला बंद असायचा. पुतणी रडत होती. शेतातून येऊन पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपलं, म्हणाली. मी जिना चढून वर्गात गेलो. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख, शेजारी नकाशा, सर छडीनं एक नदी दाखवत होते. मी दाराशी उभा राहिलो. माझं तोंड पाहूनच त्यांनी विचारलं, "दादा का वहिनी?" मी म्हणालो, दादा. त्यांनी छडी टेबलावर आडवी ठेवली, पोरांना "बसा" म्हणाले आणि माझ्यामागून खाली आले. मला वाटलं थेट गाडी काढतील. ते माझ्या खुर्चीवर बसले, कोरा कागद ओढला आणि अर्ज लिहिला. डाव्या कोपऱ्यात तारीख, वेळ. थोरल्या भावाचं निधन, तेरा दिवस रजा. सही केली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "सर, आत्ता कशाला, मी बघतो ना," मी म्हणालो. "न्हाई. या वेळी अर्ज माझ्या हातचा हाय. बघून घ्या." मनात काही नव्हतं त्यांच्या. तरी तो कागद हातात धरवेना मला.

दादाला मुलगा नव्हता, दोन मुलीच. म्हणून अग्नी सरांनीच दिला. दहाव्याला मी गावी गेलो. नदीवर पिंड ठेवला आणि मंडळी मागं सरायच्या आत कावळा शिवून गेला. म्हातारी माणसं म्हणाली, समाधानानं गेला गडी, काही मागं राह्यलं नाही त्याचं. सर तुळतुळीत डोक्यानं काठावर उभे होते. बाप गेल्यावर असंच परक्या नदीत उभं राहिल्याचं त्यांनी मला सांगितलं ते तिथंच.

घरी आल्यावर ओसरीत आम्ही तिघंच होतो, सर, वहिनी आणि मी. सर म्हणाले, "वहिनी, एक विचारू का? दादानी तो अर्ज कशाला दिल्ता?"

"कसला अर्ज?"

"बाबा गेले तवा. मी घरीच हाय म्हणून कॉलेजात दिलेला."

वहिनी त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "त्यायनी? आवो भाऊजी, त्यायनी तर आल्यागेल्याला सांगितलं, माझा भाऊ ड्युटीवर गेला, तिथं शंभर लेकरायचा जीव त्याच्या हाती हाय, त्यानं बराबर केलं. म्या मनलं, लोक नावं ठेवतेत, जरा गप बसा. तर माझ्यावरच डाफरले. छोटा सांगून गेलाय, खरं सांग म्हणून. मी खरंच सांगनार, मनले."

  सर उठून अंगणात गेले, मी पाठोपाठ गेलो, आणि गोठ्यापाशी उभं राहून मी सगळं सांगितलं. कसं सांगितलं, कोण जाणे. रडत होतो एवढं आठवतं. पोरींचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं, वाईट मनात नव्हतं हे तर दहादा सांगितलं. त्यांनी मधे एकच विचारलं. "अर्ज कोणत्या तारखेला लिहिला?" मी सांगितली. "वेळ?" "दुपारी. जेवायच्या आधी." "अन् दादानी पाठवला असंल म्हणालात, ती तारीख?" ती मला आठवत नव्हती. त्यांना आठवत होती. वारासकट सांगितली त्यांनी. मला वाटलं आता मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तारीख बराबर करता येती, भाऊसाहेब. तुम्ही लिहून द्याल, ते करतील. दादाचं काय बराबर करू मी?"

मी लिहून दिलं. संस्थेनं माझी चौकशी केली. नोकरीच जायची, पण सरांनी संस्थेला एक पत्र लिहिलं की सुतकातल्या माणसाचा अर्ज कारकुनानंच लिहायची इथली रीत आहे, हेतू वाईट नव्हता. खाली सही, तारीख, वेळ. त्या पत्रानं मी वाचलो. वेतनवाढ थांबली आणि संस्थेच्या वडीगोद्रीच्या शाळेत बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जायच्या दिवशी अकरा दहा झाले, अकरा वीस झाले. टेबलावर दोन ग्लास ठेवून मी वाट पाहिली. शिपायानं नंतर दोन्ही उचलून नेले.

सव्वा वर्षानं त्यांचा फोन आला. "पत्र आलं. रविवारी गावी या, बारा वाजता." मी बाराला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. बैठकीत भिंतीवर दादाचा फोटो होता, हार सुकलेला. खाली वहिनी, दोन्ही पुतण्या, जावई. सर तोवर निवृत्त होऊन गावीच राहायला आले होते. त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. "वाचा. मोठ्यानं. मराठीतून सांगा सगळ्यायला." मी वाचलं. नवीन खुलासा पाहता त्या वर्षीचं प्रशिक्षण पूर्ण धरण्यात येत आहे, बढतीची तारीख मागं घेऊन दुरुस्त करण्यात येत आहे, हजेरी ठेवणाऱ्यावरचा शेरा काढण्यात येत आहे. सुभेदाराचं वाचताना सरांनी डोळे मिटले. मी म्हणालो, "अभिनंदन, सर." 

"आता हे वाचा," म्हणून त्यांनी दुसरा कागद दिला. माझाच खुलासा होता तो, त्याची प्रत. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते फोटोकडं पाहत होते. मी वाचायला लागलो. "सदर रजेचा अर्ज निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः तयार केला असून त्यावरील स्वाक्षरी..." 

"म्हंजी काय?" वहिनींनी विचारलं.

कागदाच्या मराठीआड लपायची सोय तिथं संपली. मी कागद खाली ठेवला. "म्हणजे वहिनी, तो अर्ज दादांनी दिला नव्हता. मी लिहिला होता. आणि सरांना सांगताना दादांचं नाव घेतलं. म्हणून सर सहा वर्षं घरी आले नाहीत."

वहिनींनी पदर तोंडाला लावला नाही की आवाज चढवला नाही. फोटोकडं बोट करून एवढंच म्हणाल्या, "मंग हे त्यायला आता कुनी सांगावं?" आणि उठून आत गेल्या. धाकट्या पुतणीनं मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो.

सर मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. रीत ती रीत. वाटेत सोयाबीनच्या शेतातून चाललो. थांब्यावर आल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. मी म्हणालो, "सर, दरवर्षी दादांच्या श्राद्धाला येत जाईन मी." "नका येत जाऊ भाऊसाहेब," ते म्हणाले. राग नव्हता आवाजात. "तुम्ही समोर आलात की मला ते हरभरे आठवतेत."

गाडी आली. मी चढलो, खिडकीपाशी बसलो आणि काच सरकवून मान बाहेर काढली. निरोपाचं ते ठरलेलं वाक्य, पोचल्यावर वेळ कळवा, ते म्हणतील असं मला वाटत होतं. परक्या पाहुण्याला म्हणायचे, रफीकभाईला म्हणायचे, शिपायाला म्हणायचे. ते हात मागं बांधून सरळ उभे होते. गाडी हलली तरी ओठ हलले नाहीत.

जालन्याला गाडी बदलून वडीगोद्रीला उतरलो तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. मी मोबाइल काढला, त्यांचा नंबर काढला. तो तसाच बघत थोडा वेळ थांब्यावर उभा राहिलो आणि मोबाइल खिशात टाकून घरी गेलो.